१६ मिमी फिरत्या प्रिझमचा कॅमेरा आणि रिलेची उसळी : प्रकल्प नोंदी

कॅमेरा : १६ मिमी, १०० फुटी स्पूल, चार बाजूंचा फिरता प्रिझम, १२० व्होल्टच्या दोन युनिव्हर्सल मोटरी. धाटणी फास्टॅक्स या जुन्या हाय-स्पीड फिल्म कॅमेऱ्याची.

काम : २४ व्होल्ट डीसीच्या उघड्या रिलेचे (चुंबकाने चालणाऱ्या विजेच्या स्विचचे) कॉन्टॅक्ट मिटताना कसे उसळतात, म्हणजे टेकून पुन्हा क्षणभर सुटतात, ते सेकंदाला ४००० फ्रेमच्या आसपास टिपणे आणि ऑसिलोस्कोपच्या (विजेचे चढउतार दाखवणारे उपकरण, पुढे नुसता ‘स्कोप’) आलेखाशी ताडून बघणे. याच कामातून प्रयोगशाळेच्या कपाटातली जुनी चाचणी-रिळे वाचायची पद्धत ठरवायची आहे. नुसती उसळी बघायची असती तर डिजिटल हाय-स्पीड कॅमेरा भाड्याने आणून एका दुपारीत काम उरकले असते. पण फिल्मवरचा वेळ कसा वाचायचा हे त्यातून कळत नाही, आणि जुन्या रिळांची खरी अडचण तीच आहे.

रिले निवडण्यामागे थोडा इतिहासही आहे. कॅमेऱ्यांची ही जात १९३०च्या दशकात बेल लॅबोरेटरीजमध्ये आकाराला आली. टेलिफोनच्या रिलेसारखे चटकन हलणारे भाग बघणे हे तिथले नेहमीचे काम होते.

६ जानेवारी २०२५

कॅमेरा उघडला. साध्या सिनेकॅमेऱ्यात फिल्म थांबते, उघडीप मिळते (तिच्यावर प्रकाश पडतो), मग नखी तिला पुढे ओढते. सेकंदाला काहीशे फ्रेमपर्यंत हे जमते, त्यापुढे थांब-चालीच्या धक्क्याने छिद्रे फाटतात. म्हणून इथे फिल्म थांबतच नाही. ती सलग धावते आणि लेन्स व फिल्म यांच्यामधला काचेचा चौकोनी ठोकळा फिरत राहून प्रतिमेलाही त्याच वेगाने सरकवतो. ठोकळा पाव फेरा फिरला की एक फ्रेम. म्हणजे ४००० फ्रेमला प्रिझम सेकंदाला १००० फेरे घेतो, मिनिटाला ६०,०००. फिल्म मोठ्या दातेरी चाकावर असतानाच प्रकाशित होते, आणि ते चाक व प्रिझम गिअरने बांधलेले आहेत. हा गिअर एक दात जरी सरकला तरी प्रत्येक फ्रेम छिद्रांच्या तुलनेत सरकून येणार. गिअरवरच्या कारखान्याच्या खुणा जुळतात, त्यामुळे तो भाग उघडलेला नाही. उघडायचा झाला तर आधी फोटो काढून ठेवायचा.

बेअरिंगमधले जुने तेल मेणासारखे घट्ट झाले होते. धुऊन काढले, प्रत्येक बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल एवढेच हलके तेल दिले. जास्त तेल दिले तर ते उडून प्रिझमवर बसते. मग चित्रात जो धूसरपणा येतो तो फोकस चुकल्यासारखा दिसतो आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

९ जानेवारी

प्रिझम प्रतिमेला फिल्मच्या बरोबरीने सरकवतो, असे सगळीकडे लिहिलेले असते. पूर्ण खरे नाही. ठोकळा ज्या कोनात वळतो त्याच्या सरळ प्रमाणात प्रतिमा सरकत नाही, कोन वाढला की ती जास्त पळते. गणित करून ठेवले.

काचेचा वक्रीभवनांक १.५२ धरला. पाव फेऱ्यात फिल्म ७.६२ मिमी सरकते. लहान कोनांना जुळवायचे तर ठोकळ्याची जाडी साधारण १४.२ मिमी येते. आता १५ अंशांवर बघू : फिल्म १.२७ मिमी सरकलेली असते, प्रतिमा १.३० मिमी. फरक सुमारे ०.०३ मिमी. ३० अंशांवर फिल्म २.५४ आणि प्रतिमा २.८१, म्हणजे फरक पाव मिलिमीटरच्या पुढे गेला. एवढ्यात बारीक तपशील पार वाहून जातो.

म्हणून प्रिझमभोवती शटरचे नळकांडे असते आणि ते मधल्या ±१५ अंशांतच प्रकाश आत सोडते. ९० अंशांपैकी ३० अंश, म्हणजे फ्रेमच्या वेळेचा एक तृतीयांश. ४००० फ्रेमला उघडीप १/१२,००० सेकंद, सुमारे ८३ मायक्रोसेकंद. शटरची फट रुंद करून जादा उजेड मिळवायचा मोह होतो, पण किंमत तीक्ष्णपणात मोजावी लागते. असल्या कॅमेऱ्याकडून फिल्मवर मिलिमीटरला ४० रेषा-जोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) मिळाल्या तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट लेन्सची. एवढी काच मध्ये आल्यावर फोकसचे प्रतल जवळजवळ ४.९ मिमी मागे जाते. त्यामुळे दुसऱ्या कॅमेऱ्याची सी-माउंट (१६ मिमी कॅमेऱ्यांच्या नेहमीच्या आट्याची) लेन्स बसली तरी तिच्यावरचे अंतराचे आकडे इथे निरुपयोगी. फोकस कॅमेऱ्याच्या स्वतःच्या भिंगातूनच बघायचा. त्याआधी हाताच्या गोल मुठीने प्रिझम सरळ उभा करायचा, नाहीतर शटर बंद असते आणि काळोखच दिसतो.

१४ जानेवारी

मोटरी. १२० व्होल्टच्या असल्यामुळे २३० वरून डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून दिल्या, प्रत्येक मोटरीला वेगळा. एक दातेरी चाक फिरवते, दुसरी भरणारे स्पूल, म्हणजे धावून आलेली फिल्म गुंडाळून घेणारे स्पूल, ओढते. कार्बन ब्रश झिजले होते, नवे घासून कम्युटेटरच्या गोलाईत बसवले. नीट न बसलेला ब्रश सुरुवातीच्या मोठ्या करंटला ठिणग्या टाकतो, आणि कॅमेऱ्यात ठिणगी म्हणजे फिल्मवर धुके.

फिल्म न भरता मोटरीला पूर्ण व्होल्टेज देऊ नये. सिरीज गुंडाळणीच्या मोटरीला भार नसला की वेगाला धरबंध राहत नाही. फिल्म हाच तिचा भार असतो. रिकाम्या कॅमेऱ्याची तपासणी ३०-४० व्होल्टच्या वर करायची नाही, असे झाकणावरच चिकटवले आहे.

२० जानेवारी

फिल्मचा प्रश्न. दातेरी चाकाला दोन्ही बाजूंनी दात आहेत. आज १६ मिमी फिल्म बहुतेक एकाच काठाला छिद्रे असलेली मिळते. ती यात भरली तर चाकाचे दात कोऱ्या काठावर स्वतःची छिद्रे पाडतात आणि पहिल्या काही फुटांतच तुकडे होतात. दोन्ही काठांना छिद्रे असलेली कृष्णधवल नेगेटिव्ह मागवली, कोडॅक डबल-एक्स. टंगस्टन दिव्याच्या उजेडात तिचा वेग, म्हणजे प्रकाशाला दाद देण्याचा आकडा, २००.

पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन छिद्रांतले अंतर, तोही बघून घेतला. हाय-स्पीड कॅमेरे लांब पिचला, ७.६२० मिमीला, धरून बनवत. नेगेटिव्ह फिल्म बहुधा आखूड पिचची, ७.६०५ मिमी असते. फरक ०.०१५ मिमी, तेवढा चाकावर खपून जातो. मात्र पट्टीने अंतर मोजून वेग काढताना ७.६०५ धरायचे, नाहीतर ०.२ टक्के चूक विनाकारण घरात येते.

सांधलेली फिल्म भरायची नाही. ४००० फ्रेमला फिल्म सेकंदाला ३०.५ मीटर धावते, म्हणजे ताशी ११० किलोमीटर. सांधा सुटला तर चुरा गेटपासून (फिल्मवर प्रकाश पडतो ती चौकट) गिअरपर्यंत सगळीकडे पसरतो.

२३ जानेवारी : वेळेच्या खुणा

या प्रकल्पातले सगळ्यात महत्त्वाचे काम हेच. कॅमेऱ्यावरचा वेगाचा आकडा किंवा व्होल्टेजचा तक्ता फक्त बेतापुरता असतो. फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेग घेतच राहते. खरा वेळ फिल्मच्या काठावर दर मिलिसेकंदाला उमटणाऱ्या ठिपक्यांतच असतो.

मूळ दिवा निऑनचा आहे. त्यात एक खोड आहे : बंद डब्यातल्या अंधारात निऑन पेटायला कधी कधी उशीर करतो, आणि तो उशीर दर वेळी सारखा नसतो. उजेडात टेबलावर तपासले तर दिवा अगदी शहाण्यासारखा वागतो. तो काढून त्याच घरात निळा एलईडी बसवला. निळा यासाठी, की जुनी लालला आंधळी फिल्म कधी वापरली तरी खूण उमटेल. क्रिस्टलवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरमधून १००० हर्ट्झ, प्रत्येक ठिपका २० मायक्रोसेकंद. पूर्ण वेगात तो फिल्मवर ०.६ मिमी लांब येतो आणि दोन ठिपक्यांत सुमारे ३० मिमी अंतर पडते. दर दहावा ठिपका दुप्पट लांब ठेवला, मोजताना बोट चुकू नये म्हणून. दुसऱ्या काठाला दुसरा एलईडी, तो रिलेच्या कॉइलला (चुंबकाच्या तारेच्या गुंडाळीला) वीज मिळते त्याच क्षणी लागतो.

आता फसवणूक कुठे होते ते. खुणेचा दिवा गेटसमोर नसतो, फिल्मच्या वाटेवर थोडा अलीकडे किंवा पलीकडे असतो. म्हणजे खूण ज्या फ्रेमशेजारी दिसते त्या फ्रेमची ती नसते. अंतर असे काढले : अंधारात फिल्म भरली, प्रिझम सरळ केला, फिल्म जागच्या जागी ठेवून लेन्ससमोरचा छोटा दिवा आणि काठाचा एलईडी एकदमच चमकवले. फिल्म धुतल्यावर प्रकाशित फ्रेम आणि ठिपका यांच्यातले अंतर मोजले. आमच्या कॅमेऱ्यात ते पाच फ्रेमपेक्षा किंचित जास्त भरले. ४००० फ्रेमला हे सव्वा मिलिसेकंद होतात, आणि रिलेची एक उसळी त्याहून लहान असते. दुरुस्ती न करता स्कोपशी जुळवायला गेलो तर कॉन्टॅक्ट मिटण्याआधीच वीज वाहिली, असा निष्कर्ष निघू शकतो.

३० जानेवारी : उजेडाचा हिशेब

फ्रेम १०.२६ × ७.४९ मिमी. प्रतिमा निम्म्या आकाराची ठेवली, म्हणजे साधारण २० × १५ मिमीचा भाग दिसतो. कॉन्टॅक्टची जोडी, आर्मेचरचे (कॉइल ओढून घेते त्या लोखंडी पट्टीचे) टोक आणि कॉइलच्या गाभ्याचे तोंड तिन्ही त्यात मावतात.

लेन्स एफ २.८ वर. एक्स्टेन्शन ट्यूबमुळे छिद्र प्रत्यक्षात एफ ४.२ सारखे वागते. फिल्मचा वेग २००, उघडीप ८३ मायक्रोसेकंद. समोरून उजेड टाकायचा तर सुमारे २ लाख ६५ हजार लक्स लागतात. भर दुपारचे ऊन लाखभर लक्स असते. डेव्हलपिंग एक स्टॉप वाढवले तर निम्म्यावर भागते, पण दाणा मोठा होतो.

स्लाइड प्रोजेक्टरचे २४ व्होल्ट २५० वॅटचे हॅलोजन दिवे वापरले. वीज ट्रकच्या दोन १२ व्होल्ट बॅटऱ्या एकापुढे एक जोडून घेतली. ५० हर्ट्झच्या लाइनवर दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो. हॅलोजनची तार जाड असल्यामुळे तो चढउतार डोळ्याला दिसत नाही, पण ४००० फ्रेमच्या फिल्मवर दर ४० फ्रेमला एक लाट सरळ दिसते. कमीजास्त करण्याची सोय असलेला एलईडी दिवा तर नकोच, बहुतेक वेळा तो उजेड तोडून तोडूनच मंद करतो.

३ फेब्रुवारी

समोरच्या उजेडाने वेगळाच घोळ झाला. दिवे वीसेक सेकंद पेटते ठेवले की रिले उशिरा मिटतो, हे स्कोपवरच दिसले. कारण साधे आहे : कॉइल तापते. तांब्याचा रोध अंशामागे ०.३९ टक्के वाढतो, ४० अंशांना जवळपास १६ टक्के. व्होल्टेज तेवढेच, म्हणून करंट कमी आणि ओढ मंद. ज्याचे माप घ्यायचे तीच वस्तू मापाच्या साधनाने बदलत होती.

उजेड मागून घेतला. रिलेमागे दुधी काच, तिच्यामागे एकच दिवा, आणि कॉन्टॅक्टची काळी आकृती. फट उघडली की मध्ये पांढरी चीर दिसते. मोजायला हेच चांगले, कारण चांदीच्या कॉन्टॅक्टवरची चमक फोकस बिघडवत नाही. दिवा कॅमेऱ्याच्या दोन सेकंद आधी लागतो आणि फिल्म संपताच विझतो.

१० फेब्रुवारी : क्रम

१०० फूट म्हणजे ४००० फ्रेम. पूर्ण वेग पहिल्या क्षणापासून मिळाला असता तरी सगळे रीळ एका सेकंदात संपले असते. प्रत्यक्षात निम्मी फिल्म वेग घेण्यातच जाते. वेग सारखा वाढतो असे धरले तर १५.२४ मीटरला एक सेकंद लागतो. उरलेल्या १५.२४ मीटरचा अर्धा सेकंद, म्हणजे २००० फ्रेम, हीच कामाची जागा. म्हणून क्रम टायमरवर :

शून्य सेकंदाला कॅमेऱ्याचा कॉन्टॅक्टर (मोटरी चालू करणारा स्विच). १.१० सेकंदाला रिलेची कॉइल, काठाचा दुसरा एलईडी आणि स्कोपचा ट्रिगर, तिन्ही एकाच सिग्नलवर. शेपूट सुटली की मायक्रोस्विच मोटरी तोडतो. हा स्विच चालतो की नाही ते दर रिळाआधी बोटाने दाबून बघायचे. तो अडकला तर फिल्मची शेपूट आतल्या आत चाबकासारखी आपटत राहते, आणि त्या तुकड्यांनी गेट ओरखडले की चांगल्या रिळांवरही रेघा येतात.

भरताना : पहिले तीन वळसे भरणाऱ्या स्पूलवर घट्ट, मध्ये सैल लूप अजिबात नाही. सैल राहिले तर मोटर आधी सैलपणा ओढून घेते आणि मग एकदम झटका बसतो. छिद्रे तिथेच फाटतात. भरणाऱ्या मोटरीचा व्होल्टेज कमी पडला तर फिल्म चाकामागे साचून कोंबली जाते, जास्त झाला तर ताणाने तुटते. आधी टाकाऊ फिल्मवर दोन्ही डिमरस्टॅट जुळवून घेतले. चांगली फिल्म त्यासाठी वाया घालवू नये.

१३ फेब्रुवारी

धुतलेल्या फिल्मवर काठापासून आत जाणाऱ्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा. ही स्थिर विजेची कामे. पुण्यात फेब्रुवारीच्या दुपारी हवा अगदी कोरडी असते, आणि एवढ्या वेगाने उलगडणारी फिल्म विजेने भारली जाते. कोरडी फिल्म कडकही होते आणि झटक्याला लवकर तुटते. उपाय : खोलीत ओल्या पडद्यासमोर पंखा, फिल्म फ्रिजमधून काढल्यावर बंद डब्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, चित्रण सकाळी लवकर, आणि कॅमेऱ्याचे अंग अर्थिंगला जोडलेले. नंतरच्या फिल्मवर फांद्या दिसल्या नाहीत.

१८ फेब्रुवारी : धुणे

स्पायरल टँक १५ मीटरचाच आहे, आणि आपल्याला हवी असलेली फिल्मही नेमकी तेवढीच. रीळ संपल्यावर शेवटचा भाग भरणाऱ्या स्पूलवर सगळ्यात बाहेर असतो. अंधारात तेवढा उलगडून कापायचा आणि आधी तो धुवायचा. आतला निम्मा भाग फेकायचा नाही. त्यावरच्या ठिपक्यांवरून कॅमेरा कसा वेग घेतो याचा आलेख निघतो, आणि पुढच्या वेळी १.१० सेकंद बरोबर आहे का हे त्यावरूनच ठरते. डेव्हलपर डी-७६, वेळ दर खेपेला फिल्मच्या छोट्या तुकड्यावर तपासून.

२५ फेब्रुवारी : वाचन

फिल्म लाइट-टेबलवर, स्टीलची पट्टी आणि आठपट भिंग. कॉइलच्या खुणेच्या अलीकडे दोन ठिपक्यांतले अंतर २९.८ मिमी, १०० मिलिसेकंद पुढे ३०.६ मिमी. ७.६०५ ने भागले तर वेग ३९१८ वरून ४०२४ वर गेला. सरसकट ४००० धरून फ्रेम मोजल्या तर या १०० मिलिसेकंदांत ०.७ मिलिसेकंद गळतात.

दुरुस्ती करून वाचले : कॉइलला वीज मिळाल्यापासून पहिल्या स्पर्शाला फिल्मवर ११.६ मिलिसेकंद, स्कोपवर ११.७. एक फ्रेम पाव मिलिसेकंदाची, तेव्हा हे जुळले म्हणायचे. पुढे पांढरी चीर तीन फ्रेम दिसते, मग मिटते, मग एका फ्रेममध्ये नुसती राखाडी रेघ. पहिली उसळी फिल्मवर ०.७५ मिलिसेकंद, स्कोपवर ०.९२.

फरक मोजणीतल्या घोळाचा नाही. मिलिमीटरला ४० रेषा-जोड्या आणि निम्मी प्रतिमा, म्हणजे ०.०२५ मिमीपेक्षा लहान फट कॅमेऱ्याला दिसतच नाही. विजेला मात्र त्याच्या अंशाएवढी फटही पुरते. त्यामुळे फिल्मवर कॉन्टॅक्ट उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो. उसळीचा काळ स्कोपवरून घ्यायचा.

मग फिल्म कशाला, याचे उत्तर पुढच्या फ्रेममध्ये आहे. स्कोपवर पहिल्या उसळ्या शांत झाल्यावर सुमारे ३ मिलिसेकंदांनी पुन्हा दोन बारीक तुटी दिसतात. आलेखावरून त्यांचे कारण कळत नाही. फिल्मवर त्याच ठिकाणी आर्मेचर कॉइलच्या गाभ्यावर आपटते, कॉन्टॅक्टची पाती लगेच पुढच्या फ्रेममध्ये वाकलेली दिसते, आणि त्यापुढे पुन्हा राखाडी रेघ. म्हणजे हा दुसरा झुपका कॉन्टॅक्टचा नव्हे, आर्मेचरच्या ठोक्याचा. त्यावर इलाज कॉन्टॅक्टचा दाब वाढवून होणार नाही. गाभ्यावर अचुंबकीय पातळ पत्रा लावून ठोका मऊ करता येतो का, हे पुढच्या रिळात बघायचे.

४ मार्च

जास्त वेग हवा तर काय, हे विचारले गेले म्हणून नोंद. याच जातीतल्या हायकॅमसारख्या कॅमेऱ्यांची पूर्ण फ्रेमची मजल सेकंदाला ११,००० फ्रेमपर्यंत जाते. तिथे फिल्म ताशी ३०० किलोमीटरने धावते आणि तिची ताकद संपत येते. आठ बाजूंचा प्रिझम लावून निम्म्या उंचीच्या फ्रेम घेतल्या तर त्याच फिल्मवेगात संख्या दुप्पट होते. त्याही पुढे फिल्म स्थिर ठेवून प्रतिमाच फिरत्या आरशाने तिच्यावर फिरवावी लागते. अमेरिकेत ‘नाका’ (NACA) या सरकारी विमानविद्या समितीच्या प्रयोगशाळेत सी. डी. मिलर यांनी १९४०च्या सुमारास इंजिनातली ठोक बघण्यासाठी सेकंदाला ४०,००० फ्रेमचा कॅमेरा वापरला, तोही प्रकाशाच्या वाटेत कसरत करूनच. रिलेला यातले काही लागत नाही.

११ मार्च : जुनी रिळे

रिळे तीन गटांत लावली. काठावर ठिपके आणि घटनेची खूण दोन्ही असलेली : पूर्ण वाचायची. यांत खुणेच्या दिव्याचे अंतर लिहिलेले नसेल तर दृश्यात आपोआप चमकणारी एखादी गोष्ट, जसे ठिणगी किंवा फ्लॅश, शोधून ते काढता येते. फक्त ठिपके असलेली : एकाच फिल्ममधल्या दोन घटनांतला काळ घ्यायचा, दुसऱ्या उपकरणाशी जुळवायचे नाही. खुणाच नसलेली : काही दिवे लाइनवर चाललेले असल्याने पार्श्वभूमीत १०० हर्ट्झची लाट दिसते, तिच्यावरून १० मिलिसेकंदांचे टप्पे मिळतात. लाट दिसत नसेल तर डब्यावर ‘वेळ नाही’ असे लाल पेनने लिहून ठेवले आहे.

ठिपक्यांची रिळे स्कॅन करताना काठ कापला जाऊ नये. स्कॅनरचा गेट फ्रेमपुरताच असतो, म्हणून छिद्रांबाहेरची पट्टीही घेणारा गेट मागवला आहे.